राळेगावची ऑटोमॅटिक

"चाचा, दोन ओळी लिहा अन् सही करा. बाकीचं मी पाहतो."

नितीनभाऊंनी छापील फॉर्म माझ्याकडे सरकवला. वर लिहिलं होतं, 'गाडीच्या स्थितीचा अहवाल'. खाली रिकामी जागा. त्या जागेत काय लिहायचं ते त्यांनी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं होतं. इंजिन निकामी, पार्ट उपलब्ध नाहीत, दुरुस्ती शक्य नाही. मी फक्त त्यावरून पेन फिरवायचा होता. पहिलीतल्या पोरांना अक्षरं गिरवायला देतात तसं.

गाडी अजून वर्कशॉपच्या दारातच उभी होती. टोचनचा दोरही सुटला नव्हता. बोनेट कोणी उघडलं नव्हतं.

"भाऊ, गाडी पाह्यली कोनं?" मी विचारलं.

"पाहाले काय लागते? बेल्ट सरकला. व्हॉल्व्ह वाकले असतील. थ्या कंपनीचं हेड आता कुठून आनता?"

"असतील म्हनता. वाकले आहेत, असं तर नाई म्हनत तुमी."

"चाचा, प्लीज. सोमवारी नव्या कंपनीचे साहेब येऊन राह्यले. वर्कशॉप पाहनार आहेत. मले थो बे रिकामा पाह्यजे."

बे म्हणजे वर्कशॉपमध्ये एक गाडी उभी करून काम करायची जागा. जुन्या कंपनीच्या गाड्यांसाठी आमच्याकडे एकच बे उरला होता, अगदी मागे, कंप्रेसरच्या बाजूला. मी फॉर्म परत त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणालो, "पाह्यल्याशिवाय लिहीत नाई."

माझं नाव शेख रफिक. यवतमाळला एका अमेरिकन मोटार कंपनीच्या डीलरकडे मी बावीस वर्षं काढली. मेकॅनिक म्हणून लागलो, फ्लोअर सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. फ्लोअर सुपरवायझर म्हणजे गाडीचं काय बिघडलं ते ठरवणारा आणि ते नीट झालं नाही तर शिव्या खाणारा माणूस. कंपनीचं नाव लिहीत नाही. ही गोष्ट घडली तेव्हा ती आपल्या देशात गाड्या विकणं बंद करून गेली होती. मोठ्या सेठचे चिरंजीव, म्हणजे हे नितीनभाऊ, दुसऱ्या कंपनीची डीलरशिप घेऊन बसले होते. शोरूमवरचा बोर्ड बदलला, काचा बदलल्या, चहाचे कपसुद्धा बदलले. जुन्या कंपनीच्या गाड्या मात्र जिल्हाभर फिरतच होत्या.

आता यातली मेख सांगतो. जुना गिऱ्हाईक नवी गाडी कधी घेतो? जुनीची आशा सुटली की. आशा सोडवायला एक कागद लागतो आणि त्या कागदावर लोकांचा ज्याच्यावर भरवसा आहे अशा माणसाची सही लागते. तो माणूस मी. नितीनभाऊ वाईट नव्हते. त्यांना गाडी चालवायला मीच शिकवली, तेव्हा त्यांचा पाय ब्रेकपर्यंत पुरत नव्हता. पण धंद्याची घाई माणसाला लागली की त्याला समोरची गाडी दिसत नाही, गाडीने अडवलेली जागा दिसते.

गाडीच्या मालकीणबाई बाहेर गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर बसल्या होत्या. वनिता मडावी मॅडम. राळेगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका. सेल्समनने त्यांच्या हातात नव्या गाडीचं चकचकीत पुस्तक दिलं होतं. त्याने त्या स्वतःला वारा घालत होत्या.

"रफिकभाऊ, खरं सांगा. मेली का गाडी?"

"माहीत नाई मॅडम. अजून नाडी पाह्यली नाई."

"हे पोरगं म्हन्ते एक्स्चेंज करा. नवी ऑटोमॅटिक माह्या ऐपतीत बसत नाई. तं म्हन्ते, साधी घ्या, गिअरवाली. मी म्हनलं, बाबू, क्लच काय तुह्या पायानं दाबू का मी?"

सेल्समन मोबाइलमध्ये बघायला लागला.

मॅडमचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला होता. कॅलिपर, म्हणजे पायाला लोखंडी आधार, लावून, काठी घेऊन चालायच्या. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो. गिअर गाडी स्वतःच बदलते. डाव्या पायाला कामच नाही, उजव्याने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. आपल्याकडे लहान गाडीत ऑटोमॅटिक मिळणं मुश्कील होतं, त्या काळात या अमेरिकन कंपनीने ती दिली. मॅडमनी ती माझ्यासमोर घेतली होती. त्याआधीची त्यांची वर्षं मला माहीत होती. फाट्यावर एसटीची वाट पाहायची, एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच, नाहीतर भावाच्या, नाहीतर शाळेतल्या शिपायाच्या मोटारसायकलवर मागे बसायचं. आत आडगावाच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून जायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा त्या म्हणाल्या, मी जाते, माझ्याकडे गाडी आहे.

"गाडी गेली तं थे पद सोडा लागन," त्या म्हणाल्या. "राळेगावच्या ऑफिसात बसवतील मले फाईल पुसाले. अन् जाताना येताना पुन्हा कोनाच्या तरी मागं बसा. सात वर्सं मी कोनालेच म्हनलं नाई, मले सोडून दे बाप्पा. आता म्हनू का?"

माझं ठरलं ते तिथेच. आत जाऊन मी नितीनभाऊंना म्हणालो, "आज बुधवार. मले शनिवार संध्याकाळलोक बे द्या. गाडी चालू नाई झाली तं तुमच्या कागदावर मी सोता लिहून देतो. पेन्सिलची गरज नाई."

"अन् चालू झाली तं?"

"तं थ्या कागदाचं विमान करा."

दोन सेल्समन हसले. नितीनभाऊ हसले नाहीत, पण "शनिवार संध्याकाळ, एक मिनिट जास्त नाई" म्हणाले.

गाडीला झालं काय होतं, ते जरा सांगतो. मोटारीच्या इंजिनात खाली क्रँक असतो, तो पिस्टनला वर-खाली करतो. वर कॅम असतात, ते व्हॉल्व्ह उघडतात आणि बंद करतात. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या. वरचं आणि खालचं काम एका दातेरी रबरी पट्ट्याने बांधलेलं असतं, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. दोघांचा ठेका बरोबर असला की इंजिन गातं. चुकला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. मग खर्च मोठा आणि रडणं त्याहून मोठं.

हा बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो. मॅडमच्या गाडीचा बेल्ट राळेगावच्या एका गॅरेजवाल्याने बदलला आणि त्यानंतर गाडी बंद पडली. चांगला मेकॅनिक आहे तो, मी त्याला ओळखतो, ट्रॅक्टर डोळे मिटून बांधेल. त्याने काय केलं, तर आम्ही सगळे करतो तेच. बेल्ट काढण्याआधी, तो ज्यांवर फिरतो त्यातल्या वरच्या दातेरी चाकावर पांढऱ्या पेंटचा ठिपका, खालच्या चाकावर ठिपका, नवा बेल्ट टाकून ठिपके पुन्हा जुळवले. माझे अब्बा राजूरला कोळशाच्या ट्रकांचं गॅरेज चालवायचे, त्यांनी मला हेच शिकवलं. पेंट नसला तर घरातली नेलपॉलिश.

जवळजवळ सगळ्या गाड्यांना हे चालतं. कारण चाक आणि ते ज्यावर बसतं तो दांडा यांच्यामध्ये एक छोटी लोखंडी चावी असते, चाक तिच्यामुळे एकाच जागी बसतं. या अमेरिकन इंजिनात ती चावीच नाही. चाक फक्त बोल्टच्या दाबाने धरलेलं असतं. बोल्ट सैल केला की चाक दांड्यावर मोकळं फिरतं आणि तुमचा पांढरा ठिपका काय दाखवतो, तर पांढरा ठिपका. म्हणून कंपनीची रीत अशी, की आधी इंजिन कुलूपबंद करायचं. वर कॅमना एक पोलादी पट्टी अडकवायची, खाली क्रँकला एक पिन लावायची, मगच बोल्टला हात. ही पट्टी आणि पिन कंपनी फक्त डीलरला देते. त्यांना स्पेशल टूल म्हणतात.

हे मला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. दक्षिणेत त्यांचा कारखाना होता, तिथे मी आठ दिवस राहिलो. सकाळी इडली, दुपारी इडलीचा भाऊ आणि संध्याकाळी मास्तरांची भाषणं. पहिल्या दिवशी मास्तरांनी इंजिनाला हात लावू दिला नाही, कंपनीचा इतिहास सांगितला. अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. शेतात मन लागेना, घड्याळं उघडायचा आणि परत लावायचा. त्याने मोठेपणी ठरवलं, की मोटार श्रीमंतांचं खेळणं नको, आपल्या बापासारख्या माणसाला घेता आली पाहिजे. मग त्याने माणसं गाडीभोवती फिरवण्याऐवजी गाडीच माणसांपुढून सरकवत नेली. एकाने चाक लावायचं, पुढच्याने नट कसायचा. गाडी स्वस्त झाली. काळी, उंच, खेड्यातल्या चिखलातून जाणारी.

मास्तरांनी एक जुना फोटो दाखवला तो मी अजून विसरलो नाही. त्या काळ्या गाडीचं मागचं चाक जॅकवर उचललेलं, चाकाला पट्टा लावलेला आणि पट्ट्यावर लाकूड कापायची करवत चाललेली. शेजारी टोपी घातलेला शेतकरी. मी हसलो. मास्तर म्हणाले, काय झालं? मी म्हणालो, साहेब, आमच्याकडे ट्रॅक्टरवर पिठाची गिरणी चालवतात, हा तर आमच्याच गावचा माणूस दिसतो.

त्या दिवसापासून मी त्या कंपनीचा झालो म्हणा ना. दार लावलं की ठप्प असा आवाज यायचा, डब्याचं झाकण लावल्यासारखा नाही. वणीच्या खड्ड्यांतून स्टिअरिंग हातात घट्ट राहायचं. गिऱ्हाईक बोनेटवर थाप मारून म्हणायचे, भाऊ, पत्रा आहे पत्रा. ही कंपनी माझ्या आजोबांच्या काळातही आपल्या देशात आली होती, मास्तर सांगत. तेव्हा गाड्या पेट्यांतून सुट्या यायच्या, इथे जोडायचे. मग गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. तिच्या येण्याजाण्याचा राग माझ्या मनात आहे, नाही असं नाही. पण राग कंपनीचा, गाडीचा नाही. आणि गाडीत बसलेल्या बाईचा तर मुळीच नाही.

असो. बुधवारी दुपारी गाडी बेमध्ये घेतली. पहिलं काम, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, मोजणं. चार प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावायचा आणि इंजिन स्टार्टरवर फिरवायचं. वाकलेला व्हॉल्व्ह हवा धरत नाही, त्या सिलिंडरचा काटा उठतच नाही. म्हणजे नाडीच ती.

पहिला सिलिंडर. काटा उठला. पाहिजे तेवढा नाही, पण उठला. दुसरा, तितकाच. तिसरा, तितकाच. चौथ्याला मी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणालो. तितकाच.

चारही कमी, पण चारही सारखे. याचा अर्थ व्हॉल्व्ह शाबूत आहेत, फक्त ठेका चुकलाय. नशीब बाईचं, चाक थोडंच सरकलं होतं. मी बाहेर जाऊन मॅडमना म्हणालो, "जित्ती हाय."

हातातलं ते चकचकीत पुस्तक त्यांनी सेल्समनला परत दिलं.

मग मी स्पेशल टूल घ्यायला भिंतीकडे गेलो. आमच्याकडे टूलचा एक मोठा फळा होता. प्रत्येक टूलच्या जागी त्याच टूलची काळी आकृती रंगवलेली, म्हणजे काय गायब आहे ते लगेच कळतं. फळ्यावर फक्त आकृत्या होत्या.

"भाऊ, टूल कुठी गेले?"

"थे? थे तं सकाळी भंगारवाल्याले देल्ले. गाड्याच बंद झाल्या न आता."

बावीस वर्षं त्या फळ्यापुढे उभा राहिलो होतो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी आटलं आणि त्याच्या जागी जे आलं ते वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी ऐकलं. मी नितीनभाऊंना त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन विचारलं, की मोठे सेठ असते तर त्यांनी हत्यार विकलं असतं का. नितीनभाऊ लाल झाले आणि केबिनमध्ये गेले. मी स्कूटर काढली.

भंगारवाला मुन्ना पांढरकवडा रोडला बसतो. माझ्या मोहल्ल्यातलाच. त्याच्या आवारात पोती ओतली होती. "मुन्ना, सकाळी आलेला माल?" "हा काय चाचा, आधा नागपूरले गेला." उरलेल्या अर्ध्यात मी ऊन उतरेपर्यंत हात घालून बसलो. पट्टी सापडली, कशी, तर मुन्नाचा वजनकाटा एका बाजूला डुलायचा, त्याने तिच्यावर तो टेकवला होता. काटा पुन्हा डुलू लागला तसा मुन्ना म्हणाला, "चाचा, एवढीशी पत्ती, इच्यासाठी येवढी धूप खाल्ली?" मी त्याला सांगितलं की उरलेली टूल एका पोत्यात बाजूला ठेव, कोणालाही देऊ नको, मी घेतो. पिन मात्र नव्हती. दिसायला ती साध्या बोल्टसारखी, बोल्टांच्या पोत्यात नागपूरला गेली असणार.

पिन नाही तर काम नाही. मी कोट्टयमच्या थॉमसला फोन लावला. ट्रेनिंगमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. त्याचाही डीलर बंद झाला होता. पण थॉमस माझ्यापेक्षा हुशार, टूल आधीच घरी नेऊन ठेवले होते. पार्सलने पाठवतो म्हणाला, आठवडा लागेल. आठवडा माझ्याकडे नव्हता. मग त्याने व्हिडिओ कॉलवर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लावून पिन मोजून दाखवली. लांबी, जाडी, आटे. माझं मोडकं हिंदी, त्याचं त्याहून मोडकं. पण आकडा आकडाच असतो, तो मी कागदावर लिहून घेतला.

गुरुवारी पहाटेची एसटी धरून वणीला गेलो. तिथे माझे मोठे भाऊ सलीम लेथ मशीन चालवतात. खाणीच्या ट्रकांचे दांडे, बुश, पिना, सगळं तिथे बनतं. मी कागद दिला. त्यांनी ट्रकच्या तुटलेल्या ॲक्सलचा तुकडा घेतला आणि दुपारपर्यंत पिन तयार केली. पोलाद असं, की हातोडी उलटी यावी. आल्यासारखं भाभीच्या हातचं जेवून मी परत फिरलो. वाटेत नागपूरच्या पार्टवाल्याला फोन केला. क्रँकचा तो बोल्ट एकदाच वापरायचा असतो, कसताना तो थोडा ताणला जातो, दुसऱ्यांदा त्याचा भरवसा नाही. राळेगावच्या गड्याने जुनाच परत कसला होता, चाक सरकलं ते त्यामुळे.

"त्या कंपनीचा बोल्ट? आहे ना," पार्टवाला म्हणाला. "बेल्टचा किट पण आहे. किती पाठवू?"

पार्ट उपलब्ध नाहीत, असं त्या पेन्सिलीत लिहिलं होतं. मी त्याला म्हणालो, दोन्ही एसटीच्या पार्सलने टाक.

शुक्रवारी मी पिन लावली, क्रँक हळूच फिरवून पिनला टेकवला, कॅम जागेवर आणले आणि वर पट्टी बसवायला गेलो. बसेना. जराशी राहायची. पुन्हा केलं. बसेना. नितीनभाऊ दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "चाचा, कायले जिवाले त्रास करून घेता? साठीले आले तुमी." मी म्हणालो, "साठी कॅलेंडरची आली भाऊ, हाताची नाई." क्रँक आणि कॅम जागेवर असताना पट्टी बसलीच पाहिजे. म्हणजे एक तर माझं कॉम्प्रेशनचं वाचन खोटं, नाहीतर माझी अक्कल.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. पिन काढली आणि जे वणीलाच करायला हवं होतं ते केलं. मोजली. अर्धा मिलिमीटर लांब.

सलीमभाईंना फोन केला. ते म्हणाले, "हा मग. आधा ठेवलाच न जास्तीचा. घासून घेशीन तू म्हून. कमी करता येते, वाढवता येत नाई. अब्बानंच तं शिकवलं." लेथवाल्यांची ही जुनी रीत. पिन बुशमध्ये बसवणारा फिटर कानशीने घासून बसवतो, म्हणून थोडं जास्त ठेवायचं. कोळशाच्या ट्रकला ही रीत सोन्यासारखी आहे. इथे अर्ध्या मिलिमीटरने क्रँक लवकर अडत होता. राळेगावच्या गड्याला मी पेंटच्या ठिपक्यावरून मनात हसलो होतो. आणि मी? भावाने बनवली म्हणून व्हर्नियर न लावता पिन आत घातली. दोघंही एकाच शाळेचे.

कानस घेऊन बसलो. दोन घासे, मोजणी, दोन घासे, मोजणी. आकडा थॉमसच्या आकड्याला टेकला तेव्हा पिन परत लावली. पट्टी अशी बसली, जशी देवळातली मूर्ती.

शनिवारी अकराच्या नागपूर गाडीने पार्सल आलं. नवा बेल्ट, नवा बोल्ट. बोल्टला आधी ठरलेला जोर, त्यावर काटकोनभर आणखी फिरवायचं. मग पट्टी काढली, पिन काढली, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. कुठे अडतंय का, टेकतंय का. पुन्हा पिन, पुन्हा पट्टी. बसली. कॉम्प्रेशन घेतलं. चारही काटे वर, चारही सारखे.

मॅडम दुपारी आल्या, शिपायाच्या मोटारसायकलवर मागे बसून, काठी आडवी धरून. मी किल्ली त्यांच्याकडे दिली. "तुमीच मारा स्टार्टर."

"बिघडली तं?"

"मंग मले शिव्या द्या. पन मारा तुमीच."

गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली. थरथर नाही, दिवा नाही, धूर नाही. मी बोनेटवर हात ठेवून उभा होतो, हाताला फक्त गरम हवा लागत होती. वर्कशॉपमधली नव्या कंपनीची पोरंसुद्धा पाना खाली ठेवून बघत होती. मला इतका आनंद झाला, की मी नितीनभाऊंकडे पाहून हसलो. हसायला नको होतं. पण हसलो.

मॅडम गाडी घेऊन बाहेर गेल्या. मला वाटलं, एक चक्कर मारून येतील. आल्या, पण वर्कशॉपकडे नाही. शोरूमच्या काचेच्या दारापुढे, जिथे नवी गाडी फुलं बांधून उभी करतात, तिथे त्यांनी आपली जुनी पांढरी गाडी आडवी लावली. काठी घेऊन उतरल्या आणि सरळ नितीनभाऊंच्या टेबलापुढे गेल्या.

"साहेब, बुधवारी माह्या गाडीचा एक कागद बनून राह्यला होता म्हने."

"मॅडम, तो... थो तं आमी फाडला."

"फाडला चांगलं केलं. आता दुसरा बनवा. माही गाडी चालते, पार्ट भेटतात, असं लिहून द्या. शिक्का मारून. उद्या तुमचा दुसरा सेल्समन फोन करन मले, गाडी भंगार झाली म्हून. थ्याले दाखवीन."

"मॅडम, असा फॉर्म नसते आमच्याकडे."

"मंग कोऱ्या कागदावर लिहा. मी शाळेत रोज लिहिते, मले फॉर्म लागत नाई." आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. "गाडी काढत नाई तोलोक."

बाहेर एक कुटुंब नवी गाडी न्यायला आलं होतं. हार घेऊन. त्यांची वाट अडली होती. नितीनभाऊंनी लिहिलं. शिक्का मारला. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घेतलं, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि स्वतःच्या गाडीत बसून, कोणाच्याही मागे न बसता, राळेगावच्या रस्त्याला लागल्या.

संध्याकाळी नितीनभाऊ म्हणाले, "चाचा, सोमवारी बे रिकामाच पाह्यजे."

"बे भी रिकामा करतो अन् मी भी," मी म्हणालो. ते म्हणाले, असं नको, तुम्ही घरचे. मी म्हणालो, घरचा आहे म्हणूनच सांगून जातो. मुन्नाकडून टूलचं पोतं उचललं आणि आता आर्णी रोडला माझं टिनाचं शेड आहे. बोर्ड नाही. जिल्ह्यातल्या त्या कंपनीच्या गाड्या शोधत येतात, उमरखेडहून येतात, किनवटहून येतात. कंपनी परत येणार म्हणे, येवो न येवो, माझं काम चाललंय.

इथपर्यंत सांगून थांबलो असतो तर मी फार मोठा माणूस ठरलो असतो. म्हणून राहिलेलं सांगतो. मॅडमच्या गाडीच्या आधी, त्याच वर्षी, तसल्याच दोन फॉर्मवर मी सही केली होती. बोनेट न उघडता. नितीनभाऊंनी सांगितलं, मी गिरवलं. नोकरी होती, मुलीचं लग्न ठरलं होतं, मी बोललो नाही.

शेड सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात त्या दोघांचे पत्ते काढले. एक गाडी फुलसावंगीला गोठ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी होती, सीटवर कोंबडी बसली होती. गेज लावला. चारही काटे उठले, एकदम बरोबर. बिघाड होता एका सेन्सरचा. मी तो तिथेच बदलला आणि मालकाला सगळं सांगितलं. दुसरी गाडी भंगारात कापली गेली होती. तिच्या मालकाला फोन केला, त्यालाही सगळं सांगितलं. त्याने मला शिव्या दिल्या. पंधरा मिनिटं दिल्या, मी फोन ठेवला नाही.

दुरुस्ती शक्य नाही असं लिहिण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. अर्धा तास लागतो.